गरम पाण्याच्या नळांचे उष्णता निरोधन

गरम पाणी किंवा वाफ वाहून नेणाऱ्या नळांमधून सभोवतालच्या हवेत, भिंतीत अथवा जमिनीत निसटून जाणारी उष्णता कमी करण्यासाठी, त्या नळांवर उष्णतेच्या मंद वाहक पदार्थाचे वेष्टन घालण्याच्या क्रियेस नळांचे उष्णता निरोधन म्हणतात. कारखान्यातील बाष्पित्रापासून (वाफ निर्माण करणाऱ्या साधनापासून) घरातील न्हाणीघरापर्यंत जेथे जेथे तापविलेले पाणी दूरवर न्यावे लागते तेथे तेथे हा प्रश्न उपस्थित होतो. पाणी तापविण्याचे साधन कितीही कार्यक्षम असले, तरी वापराच्या ठिकाणी पोहोचण्यापूर्वीच पाणी निवले, तर त्यासाठी खर्ची पडलेले इंधन वाया जाते. या साध्या गोष्टीची जाणीव अठराव्या शतकात वाफ एंजिनाच्या संदर्भात झाली. तिचा घरगुती उपयोग मात्र दीड-दोनशे वर्षे लांबला. इंधन महाग झाले किंवा उष्णतेचा हिशेब मांडला जाऊ लागला, की निरोधनाकडे लक्ष जाते आणि इंधन स्वस्त होताच ते मागे पडते, असे या विषयाच्या इतिहासातून दिसून येते.

उष्णता ऱ्हासाचे स्वरूप : नळातील पाण्याची उष्णता प्रथम नळाच्या भिंतीतून संवहनाने (पदार्थातील एका कणाकडून लगतच्या कणाकडे) बाहेर येते. तांबे व लोखंड हे उष्णतेचे सुवाहक असल्याने धातूच्या नळाचा बाहेरील पृष्ठभाग जवळजवळ पाण्याइतकाच तप्त असतो. तेथून ती संनयनाने (हवेच्या प्रवाहाबरोबर) आणि प्रारणाने (तरंगरूपाने) सभोवार पसरते. ती किती वेगाने जाते हे पाणी व भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकावर, पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर आणि त्याच्या स्वरूपावर अवलंबून असते. घासून चकचकीत केलेल्या धातूपेक्षा काळपट, खडबडीत पृष्ठभाग अधिक उष्णता प्रारित करतो.

प्रत्यक्ष आकड्यांवरून याची कल्पना येते. सु. २२ मिमी. बाह्य व्यासाच्या उघड्या नळात ६०° से. तापमानाचे पाणी असेल, खोलीचे तापमान २०° से. असेल आणि पृष्ठभागाच्या दर चौ. मी.मधून तापमानातील दर अंश फरकामागे सु. १० वॉट उष्णता जाते असे मानले, तर नळाच्या प्रत्येक मीटर लांबीतून सु. २८ वॉट उष्णता निघून जाते. ०·०४ वॉट प्रतिमीटर प्रतिअंश इतकी संवाहकता असलेल्या पदार्थाचे १३ मिमी. जाडीचे वेष्टन घातल्यास हा ऱ्हास सु. ११ वॉटपर्यंत आणि २५ मिमी. जाडीच्या वेष्टनाने ८ वॉटपर्यंत उतरतो. म्हणजे वेष्टनाचा पहिला अर्धा भाग १७ वॉट वाचवितो, तर दुसरा अर्धा भाग केवळ ३. म्हणून वेष्टन जाड करीत जाण्यास एक आर्थिक मर्यादा असते. वेष्टनाचा वाढता खर्च आणि वाया जाणाऱ्या उष्णतेची घटती किंमत यांची बेरीज जेथे सर्वांत कमी येते, त्या जाडीस काटकसरीची जाडी म्हणतात. इंधनाची किंमत बदलली की ही जाडीही बदलते.

वेष्टन घातले म्हणजे ऱ्हास घटतोच असे मात्र नाही. नळ वर्तुळाकार असल्याने वेष्टनाबरोबर त्याचा बाह्य पृष्ठभागही वाढतो व हवेला उष्णता देण्यास अधिक जागा मिळते. वेष्टनाच्या संवाहकतेला पृष्ठभागाच्या उष्णता संक्रमण गुणांकाने भागले असता जी त्रिज्या येते तिला क्रांतिक त्रिज्या म्हणतात. नळाची त्रिज्या याहून कमी असल्यास पातळ वेष्टनाने उष्णता ऱ्हास उलट वाढतो. काच लोकर किंवा फेनित रबर यांसाठी ही त्रिज्या सु. ४ मिमी. येत असल्याने घरगुती नळांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. ०·२ वॉट प्रतिमीटर प्रतिअंश संवाहकतेच्या एखाद्या गिलाव्यासारख्या लेपासाठी मात्र ती २० मिमी. येते. अशा द्रव्याचा पातळ थर बारीक नळावर दिला, तर इंधन वाचण्याऐवजी अधिकच खर्च होते.

इतिहास : प्राचीन रोमन स्नानगृहांत उष्णता राखण्याचा विचार झालेला आढळतो. व्हिट्रूव्हियस या रोमन वास्तुविशारदाने आपल्या ग्रंथात भट्टीवर बसवावयाच्या गरम, कोमट व थंड पाण्याच्या तीन काशाच्या भांड्यांचे वर्णन केले आहे. गरम भांड्यातून जितके पाणी काढले जाईल, तितके कोमट भांड्यातून त्यात यावे, अशी ही रचना होती. नळावर वेष्टन घालण्याच्या तंत्राचा सलग इतिहास मात्र वाफ एंजिनापासून सुरू होतो.

टॉमस न्यूकोमेन यांच्या १७१२ मधील एंजिनात प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर आलटून पालटून तापत व निवत असे. ग्लासगो विद्यापीठातील अशा एंजिनाच्या एका प्रतिकृतीची दुरुस्ती करताना जेम्स वॉट (१७३६–१८१९) यांच्या ध्यानात आले, की वाफेचा मोठा हिस्सा केवळ थंड सिलिंडर पुन्हा तापविण्यातच खर्ची पडतो. १७६५ मध्ये त्यांना स्वतंत्र संघनकाची (वाफेचे पाणी करणाऱ्या पात्राची) कल्पना सुचली. तिचे एकस्व (पेटंट) १७६९ मध्ये मिळाले. त्यात स्वतंत्र संघनकाच्या आधी दुसरे एक तत्त्व मांडलेले आहे. सिलिंडर नेहमी वाफेइतकाच तप्त राहावा आणि त्यासाठी तो लाकडाच्या किंवा उष्णता मंदपणे जाऊ देणाऱ्या अन्य पदार्थाच्या आवरणात बंद करावा, असे ते तत्त्व होय. सिलिंडर व बाष्पित्रे यांभोवती पिंपाच्या फळ्यांसारख्या लाकडी पट्ट्या बसविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. इंग्रजीत अशा फळीस ‘लॅग’ म्हणत. त्यावरून निरोधक वेष्टनाला ‘लॅगिंग’ हे नाव पडले. ते कारागिरांच्या बोलीत आजही टिकून आहे.

या व्यावहारिक सुधारणेला शास्त्रीय आधार लवकरच मिळाला. वस्तूच्या निवण्याचा वेग तिच्या व भोवतालच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो, हे आयझॅक न्यूटन यांनी १७०१ मध्येच मांडले होते. बेंजामिन टॉम्पसन ऊर्फ काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) यांनी म्यूनिक येथे असताना रेशीम, लोकर, कापूस, पिसे, प्राण्यांचे केस इ. द्रव्यांत वेढलेला तापमापक किती वेळात निवतो हे मोजले. एकाच द्रव्याचे तंतू सैल ठेवले किंवा दाबून भरले तर निवण्याच्या वेळात फरक पडतो, असे त्यांना आढळले. कापडाची ऊब मुख्यतः त्याच्या तंतूंत अडकून पडलेल्या हवेमुळे असते, हा त्यांचा निष्कर्ष १७९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. निरोधनाच्या पुढील सर्व प्रगतीचा पाया या निष्कर्षात आहे. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक असून (संवाहकता सु. ०·०२६ वॉट प्रतिमीटर प्रतिअंश) निरोधक द्रव्याचे खरे काम तिला हलू न देणे हे होय. जॉन लेस्ली (१७६६–१८३२) यांनी १८०४ मध्ये प्रारणावर पृष्ठभागाचा परिणाम प्रयोगाने दाखविला. झां बातीस्त झोझेफ फूऱ्ये (१७६८–१८३०) यांनी १८२२ मध्ये संवहनाचा गणिती सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. फ्रेंच भौतिकीविज्ञ झां क्लोद अझेन पेक्ले यांनी १८२८ मधील आपल्या ग्रंथात उष्णतेच्या औद्योगिक उपयोगांचे पद्धतशीर विवेचन केले.

सिद्धांत अवगत असूनही वेष्टने सर्वत्र सारख्या गतीने पसरली नाहीत. कोळशाच्या खाणींवरील एंजिनांना इंधन जवळजवळ फुकट मिळे. त्यामुळे तेथे वाफेचे नळ उघडेच राहिले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधील तांबे व कथिल यांच्या खाणींना मात्र कोळसा वेल्समधून समुद्रमार्गे आणावा लागे. खाणीतील पाणी उपसण्याच्या खर्चावरच तेथे खाणीचा नफा-तोटा ठरत असे. १८११ पासून तेथील एंजिनांची मासिक प्रतिवृत्ते लीन कुटुंबाने प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. एक बुशेल कोळशात कोणत्या एंजिनाने किती पाणी किती उंच उचलले, हे त्यात दिलेले असे. आपल्या एंजिनाचा आकडा शेजारच्या खाणीपेक्षा कमी येऊ नये, अशी चुरस अभियंत्यांत निर्माण झाली. १८२० नंतरच्या दशकात सॅम्युएल ग्रोस यांनी सिलिंडर व वाफेचे नळ काळजीपूर्वक झाकून घेण्यावर भर दिला. एंजिनाच्या यंत्रणेत मोठा बदल न करता केवळ उष्णता राखून किती लाभ होतो, हे जाहीर आकड्यांवरून सर्वांना दिसू लागले आणि ही पद्धत त्या प्रदेशात सर्रास झाली. महाग इंधन व नियमित मोजणी ही दोन्ही कारणे येथे एकत्र आली होती.

निरोधक द्रव्यांचा विकास : आरंभी लाकूड, भुसा, राख, गवताचा पेंढा, पोत्याचे कापड, माती व जनावरांचे केस यांचे मिश्रण आणि केसांचा नमदा ही सहज मिळणारी द्रव्ये वापरीत. ही द्रव्ये स्वस्त असली, तरी वाफेचा दाब व तापमान वाढत गेल्यावर ती करपू लागली. म्हणून न जळणाऱ्या द्रव्यांचा शोध सुरू झाला. लोखंडाच्या झोतभट्टीतील वितळलेल्या धातुमळीवर वाफेचा झोत सोडून तिचे तंतू बनविण्याचा प्रयोग १८४० मध्ये वेल्समध्ये झाला. १८७१ मध्ये जर्मनीत अशा धातुमळी लोकरीचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. अमेरिकेत चार्ल्स कॉरिडॉन हॉल यांनी १८९७ मध्ये इंडियाना राज्यात दगड वितळवून खनिज लोकर तयार केली. थंड पाण्याच्या व प्रशीतनाच्या नळांसाठी बुचाचा भुगा भाजून केलेले साचेबंद तुकडे वापरात आले.

वाफेच्या नळांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्वाधिक खपलेले द्रव्य म्हणजे ८५ टक्के मॅग्नेशिया होय. यात वजनाने ८५ टक्के क्षारकीय मॅग्नेशियम कार्बोनेट व १५ टक्के ॲस्बेस्टसाचे तंतू असत. हलक्या भुकटीत हवेच्या असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहत आणि तंतूंमुळे तिला आकार येई. नळाच्या व्यासाप्रमाणे अर्धवर्तुळाकार तुकडे साच्यात बनवीत. ते नळावर जोडून वर कॅनव्हास शिवीत व सांधे ओल्या लेपाने बुजवीत. कारखाने, जहाजे, रुग्णालये, शाळा व मोठी निवासस्थाने यांच्या तळघरांतील नळांवर हेच पांढरे वेष्टन अनेक दशके दिसत असे.

अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीत गेम्स स्लेटर (१८९६–१९६४) व त्यांचे सहकारी यांनी १९३० नंतर बारीक काचतंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची पद्धत विकसित केली. काच लोकरीच्या उत्पादनासाठी १९३८ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. ओटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत पॉलियुरेथेनाचे रसायनशास्त्र विकसित केले व त्यातून पुढे कठीण फेनित निरोधक तयार झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर फेनित कृत्रिम रबर व फेनित पॉलिएथिलीन यांच्या लवचिक नळ्या बाजारात आल्या. एका बाजूने चिरलेली अशी नळी नळावर सरकविता येते. साचे, लेप व कॅनव्हास यांची गरज उरली नाही आणि कुशल कारागिराखेरीज सामान्य गृहस्थालाही हे काम करणे शक्य झाले. घरगुती निरोधनाचा प्रसार होण्यास या सोयीचा मोठा हातभार लागला.

घरगुती गरम पाणी : घरात गरम पाण्याचे नळ आले ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात, पाश्चात्त्य देशांत. स्वयंपाकाच्या चुलीच्या पाठीमागे पाण्याची टाकी बसवून तीतून नळ काढीत. ही टाकी व नळ उघडेच असत, कारण त्यांतून निघणाऱ्या उष्णतेने थंडीत स्वयंपाकघर उबदार राही. बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ मध्ये लंडन येथे वायूवर पाणी तापविणारे साधन तयार केले. आइसलँडमधील उष्ण पाण्याच्या कारंजावरून त्याला गीझर हे नाव मिळाले व तेच मराठीतही रूढ झाले. पिट्सबर्ग येथे एडविन रूड या नॉर्वेत जन्मलेल्या अभियंत्याने १८८९ मध्ये पाणी साठवून आपोआप तापविणारे साधन बनविले. आता गरम पाणी अहोरात्र साठून राहू लागले. चुलीची ऊब हा जोडलाभ नाहीसा झाला आणि टाकी व नळ यांतील ऱ्हास हा निव्वळ तोटा ठरू लागला.

सौर जलतापकाच्या इतिहासात हा फरक अधिक स्पष्ट दिसतो. बॉल्टिमोर येथील क्लॅरेन्स केंप यांनी १८९१ मध्ये ज्या साधनाचे एकस्व घेतले, त्यात पाण्याच्या टाक्याच काचेच्या पेटीत उन्हात ठेवलेल्या असत. दिवसा तापलेले पाणी रात्री निवून जाई. कॅलिफोर्नियातील विल्यम बेली यांनी १९०९ मध्ये संग्राहक व टाकी वेगळी केली. टाकी संग्राहकाहून उंचावर ठेवून तिला निरोधक वेष्टन घातले. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे व दुसऱ्या दिवशी सकाळीही ते गरम मिळे. म्हणून या साधनाला ‘दिवस-रात्र’ अशा अर्थाचे नाव देण्यात आले. त्याच्यापुढे केंप यांचे साधन फार काळ टिकू शकले नाही.

अनेक इमारतींना एका ठिकाणाहून उष्णता पुरविण्याच्या योजनांत नळांचे निरोधन हा आर्थिक यशाचा कणा असतो. बर्डसिल हॉली (१८२०–९४) यांनी १८७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे जमिनीखालील नळांतून वाफ पुरविण्यास आरंभ केला. आइसलँडमध्ये रेक्याव्हीक येथे १९३० मध्ये सु. ३ किमी. अंतरावरून उष्ण झऱ्यांचे पाणी शहरात आणण्यात आले. तेथीलच नेस्याव्हेट्लिर केंद्रापासून शहराकडे येणारी १९९० मधील नळवाहिनी सु. २७ किमी. लांब आहे. जमिनीवरील भागात तिच्याभोवती १०० मिमी. जाडीची खनिज लोकर व वर ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. पुरलेल्या भागात पॉलियुरेथेन फेन व पॉलिएथिलिनाचे कवच आहे. एवढ्या थंड प्रदेशातून २७ किमी. अंतर तोडताना पाण्याचे तापमान केवळ सु. २° से.ने उतरते. नळ जितका मोठा व प्रवाह जितका अखंड, तितका हा ऱ्हास कमी भरतो. घरातील बारीक नळात व खंडित वापरात परिस्थिती नेमकी उलट असते.

ॲस्बेस्टस व कामगार : इंधन वाचविणाऱ्या या तंत्राची किंमत दीर्घकाळ कामगारांनी मोजली. मॅग्नेशियाचे तुकडे करवतीने कापताना, लेप कालवताना व जुने वेष्टन काढताना ॲस्बेस्टसाचे सूक्ष्म तंतू हवेत उडत आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत जात. ब्रिटनमधील कारखाना निरीक्षकांनी १८९८ मध्येच या धुळीच्या अपायकारकतेची नोंद केली होती. १९२४ मध्ये डब्ल्यू. ई. कुक यांनी एका गिरणी कामगार स्त्रीच्या मृत्यूचे वैद्यकीय विवेचन प्रसिद्ध केले. १९३० मध्ये एडवर्ड मेऱ्यूएदर व चार्ल्स प्राइस यांचा सरकारी अहवाल आला व १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये नियम करण्यात आले. हे नियम मुख्यतः ॲस्बेस्टसाच्या कारखान्यांपुरते होते. जहाजांत व इमारतींत फिरून नळांवर वेष्टने घालणारा कारागीर त्यांच्या संरक्षणाबाहेरच राहिला. दुसऱ्या महायुद्धातील जहाजबांधणीत अशा कारागिरांची संख्या फार वाढली.

या रोगाची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षे जातात. त्यामुळे कारण व परिणाम यांचा संबंध लवकर उघड झाला नाही. जे. सी. वॅग्नर व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पाहणीवरून फुप्फुसावरणाचा एक दुर्मिळ कर्करोग आणि ॲस्बेस्टस यांचा संबंध दाखविला. न्यूयॉर्क येथील वैद्य अर्व्हिंग सेलिकॉफ (१९१५–९२) व त्यांचे सहकारी यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्क–न्यू जर्सी भागातील निरोधन कामगारांच्या संघटनेच्या नोंदी तपासल्या. १९४२ अखेर सदस्य असलेल्या ६३२ कामगारांपैकी १९६२ पर्यंत ४५ जण फुप्फुसाच्या वा त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने मरण पावले होते. सर्वसाधारण प्रमाणानुसार ही संख्या सहा-सात असावयास हवी होती. हे कामगार कारखान्यात नव्हे, तर बांधकामावर आणि तेही दिवसातील काही वेळच या धुळीत काम करीत असत. त्यामुळे धोका फक्त कारखान्यापुरता आहे, हा समज टिकू शकला नाही. अमेरिकेत ठिसूळ ॲस्बेस्टसाची नळ-वेष्टने नव्याने बसविण्यास १९७५ मध्ये बंदी करण्यात आली. ब्रिटनमध्ये निळ्या व तपकिरी ॲस्बेस्टसावर १९८५ मध्ये व पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी आली. जुन्या इमारतींतील पांढरे, लेपासारखे नळ-वेष्टन आजही स्वतः खरवडून काढू नये, असे सांगितले जाते ते याच कारणाने. त्याची जागा घेणाऱ्या काच लोकरीचीही कसून तपासणी झाली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मधील फेरविचारानंतर निरोधनासाठीची काच लोकर संभाव्य कर्ककारकांच्या यादीतून वगळली. तरी तिने त्वचा व घसा यांचा दाह होत असल्याने हातमोजे व मुखपट्टी वापरणे इष्ट असते.

ऊर्जा टंचाई व नंतरचा काळ : ऑक्टोबर १९७३ मधील तेलबंदीनंतर खनिज तेलाच्या किंमती काही महिन्यांत सु. चौपट झाल्या आणि कॉर्नवॉलमधील खाणमालकांपुढे जो प्रश्न होता, तो सामान्य घरांपुढे उभा राहिला. अमेरिकेतील तापन, प्रशीतन व वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने १९७५ मध्ये इमारतींतील ऊर्जा बचतीचे मानक प्रसिद्ध केले. ब्रिटनमध्ये १९७८ च्या कायद्याने घरांच्या उष्णता निरोधनासाठी अनुदान देण्यात येऊ लागले. टाकीला रजई व नळांना वेष्टन हे उपाय स्वस्त व तत्काळ लाभ देणारे असल्याने शासकीय प्रचारात त्यांना अग्रस्थान मिळाले. वेष्टनामुळे नळाच्या टोकाशी पाणी १° ते २° से.ने अधिक गरम मिळते. तेवढ्याने तापकाचे नियंत्रक खाली आणता येते, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने सांगितले.

तापमान खाली आणण्यास मात्र आरोग्याची मर्यादा आहे. १९७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील एका मेळाव्यानंतर न्यूमोनियासारख्या रोगाची साथ उद्भवली व १९७७ मध्ये लिजनेला या सूक्ष्मजंतूचा शोध लागला. सु. २०° ते ४५° से. तापमानाच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो. म्हणून साठ्यातील पाणी ६०° से.च्या आसपास व नळांतील पाणी ५०° से.च्या वर ठेवण्याची शिफारस केली जाते. टाकीचे तापमान उतरविणे हा बचतीचा सोपा मार्ग त्यामुळे काहीसा बंद झाला आणि नळांच्या निरोधनाचे महत्त्व वाढले. रुग्णालये व वसतिगृहे यांत गरम पाणी नळांच्या वलयातून सतत फिरते ठेवतात. ५० मी. लांबीच्या अशा उघड्या वलयातून वर दिलेल्या हिशेबाने दिवसाकाठी सु. ३४ किलोवॉट-तास उष्णता निघून जाते. २५ मिमी. वेष्टनाने ती ९ किलोवॉट-तासांवर येते.

भारतातील स्थिती : महाराष्ट्रातील घरांत पूर्वापार स्नानासाठी चुलाण्यावरील हंडा किंवा तांब्याचा बंब वापरीत. बंबाच्या मध्यातून जाणाऱ्या नळीत विस्तव असल्याने त्याची उष्णता चोहोबाजूंनी पाण्यास मिळे. पाणी तोटीखालील बादलीत काढून व विसण घालून तेथेच वापरले जात असल्याने नळातील ऱ्हासाचा प्रश्न नव्हता. विजेचा गीझरही बहुधा न्हाणीघरातच, तोटीपासून दोन-तीन मीटरांवर बसवितात. परिणामी भारतीय घरांत नळ-निरोधनाची परंपरा निर्माण झाली नाही. गच्चीवरील सौर जलतापक आल्यावर मात्र हे चित्र बदलले. बहुमजली इमारतीत पाणी खालच्या मजल्यावर येईपर्यंत नळाची लांबी बरीच होते आणि प्रत्येक वेळी नळात निवलेले पाणी आधी सोडून द्यावे लागते. २० मिमी. आंतरव्यासाच्या १० मी. नळात सु. ३ लि. पाणी मावते. ते २५° वरून ६०° से.पर्यंत तापविण्यास सु. ०·१३ किलोवॉट-तास उष्णता लागलेली असते. टंचाईच्या प्रदेशात उष्णतेइतकीच या पाण्याची किंमत असते.

वेष्टनाने हा तोटा पूर्णपणे टळत नाही, तो लांबणीवर पडतो. २०° से. तापमानाच्या खोलीत उघड्या नळातील पाणी ६०° वरून ४०° से.वर येण्यास सु. २५ मिनिटे लागतात, तर २५ मिमी. वेष्टन असताना सु. दीड तास लागतो. एका पाठोपाठ एक स्नाने होणाऱ्या कुटुंबात हा अवधी पुरेसा ठरतो. दिवसातून एकदाच तोटी उघडली जात असल्यास वेष्टनाचा लाभ थोडा असतो. अशा वेळी नळ आखूड व बारीक ठेवणे हाच खरा उपाय होय. २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमानंतर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत मोठ्या व्यापारी इमारतींतील गरम पाण्याच्या नळांसाठी किमान निरोधन सांगितले आहे. ६०° से. व अधिक तापमानाच्या नळांसाठी त्याचा उष्णता रोध ०·७ चौ. मी. अंश प्रतिवॉट आणि त्याहून कमी तापमानासाठी ०·३५ इतका ठरविण्यात आला. लहान घरे या संहितेच्या कक्षेबाहेर होती.

वेष्टनाची रीत : टाकीपासून निघणारे गरम व थंड अशा दोन्ही नळांचे पहिले एक-दोन मीटर प्रथम झाकावेत, कारण टाकीतील उष्णता तेथून अखंड झिरपत असते. उभ्या नळात गरम पाणी वर चढून निवते व पुन्हा खाली उतरते. हे अभिसरण रोखण्यासाठी टाकीजवळ नळास उलटे वळण देतात. वेष्टनाचा आतील व्यास नळाच्या बाह्य व्यासाइतकाच असावा. कोपऱ्यांवर नळी तिरपी कापून सांधा जुळवावा, चीर चिकटपट्टीने बंद करावी आणि झडपा व आधारपट्ट्या उघड्या सोडू नयेत. वायूवर चालणाऱ्या तापकाच्या धुराड्यापासून वेष्टन किमान १५ सेंमी. दूर असावे. भिंतीत खाच घेऊन बसविलेल्या नळावर गिलाव्यापूर्वीच वेष्टन घालणे आवश्यक असते, कारण वीट व गिलावा उष्णता ओढून घेतात आणि नंतर तेथे काहीही करता येत नाही. प्लॅस्टिकचा नळ स्वतःच निरोधक असतो, हा समज बरोबर नाही. दोन मिमी. जाडीच्या क्लोरीनयुक्त पीव्हीसी नळाने उघड्या तांब्याच्या नळाच्या मानाने जेमतेम सातवा हिस्सा उष्णता वाचते. गच्चीवरील फेनित नळी उन्हाने तडकते, म्हणून तीवर धातूचा पत्रा किंवा रंगाचा लेप लागतो. पावसाचे पाणी आत शिरू न देणे सर्वांत महत्त्वाचे असते. पाण्याची संवाहकता स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक असल्याने भिजलेले वेष्टन जवळजवळ निरुपयोगी होते आणि त्याखालील लोखंडी नळ दिसून न येता गंजत जातो. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात म्हणून वेष्टनाच्या जाडीपेक्षा त्याच्या सांध्यांकडे आणि वरच्या आवरणाकडे अधिक लक्ष द्यावे लागते व दर पावसाळ्यापूर्वी त्यांची तपासणी करावी लागते.